एका हाताची म्हैस

भुरीला दुसऱ्याचा हात चालत नसे. ही खोड तिला पहिल्या वेतापासूनची. सून खाली बसली, कासेवरून पाण्याचा हात फिरवला, चार वेळा थोपटलं आणि "सोड गं बाई" एवढं म्हटलं, की भुरी अर्धे डोळे मिटायची आणि पान्हा सोडायची. दुसरं कुणी बसलं की तिचं अंग आकसायचं. मग त्या माणसाने बोटं मोडून घेतली तरी बादलीचा तळ भिजत नसे. म्हातारी म्हणायची, "या घरात हट्टी बायका दोनच. एक मी आणि दुसरी ही. माझा हट्ट वयाने मोडला, हिचा कोण मोडणार?"

सून तिसरी होती, पण तिला कुणी त्यात धरत नव्हतं.

उन्हाळा मध्यावर आला होता. ओली वैरण संपली होती. सून पहाटे दूध काढायची, केंद्रावर घालायची आणि विळा घेऊन कालव्याच्या काठाने जेवढं हिरवं मिळेल तेवढं कापत फिरायची. दुपारी डोक्यावर भारा घेऊन परत येईपर्यंत तिच्या मानेची शीर ताठायची आणि पाठीवर गवताचे ओरखडे उठायचे. एवढं करूनही भुरीचं दूध आठ लिटरवरून पाचावर आलं होतं. त्या पाच लिटरवर घरातली तीन माणसं जगत होती. म्हातारी, सून आणि सहा वर्षांची चिमी.

चौथं माणूस वर्षापूर्वी गेलं. म्हातारीचा मुलगा बोअरच्या गाडीवर होता. गाडी जमिनीला भोकं पाडत कुठे कुठे फिरायची आणि तो आठ-आठ महिने घरी यायचा नाही. शेवटी आला तो खाटेवर झोपायलाच. काविळीने गेला, असं म्हातारीने गावाला सांगितलं. गावाने मान डोलावली आणि आपापसात वेगळं बोलायला सुरुवात केली.

त्यानंतर घरात एक नवीन गोष्ट सुरू झाली होती. रोज संध्याकाळी आठ वाजले की सून कोंड्याच्या डब्यात हात घालून पांढरी प्लॅस्टिकची बाटली काढायची आणि एक गोळी घ्यायची. आणि रोज आठला दोन मिनिटं कमी असताना म्हातारी उठायची. "भुरीला पाणी दाखवून येते," म्हणायची आणि बादली घेऊन गोठ्यात जायची. भुरीला त्या वेळी तहान नसायची. पण म्हातारीला त्या वेळी घरात थांबायचं नसायचं, तेव्हा भुरी बिचारी दोन घोट पिऊन घ्यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्या घराचं चाललं होतं.

एके दिवशी दूध केंद्राच्या सेक्रेटरीने निरोप दिला. आरोग्य केंद्राच्या नर्सबाई येणार आहेत, एड्सवर प्रशिक्षण आहे, घरटी एक माणूस आलंच पाहिजे, हजेरी लागणार आहे.

सुनेने विळा उचलला. "मी वैरणीला जाते."

"अगं, हजेरी आहे म्हणतात."

"तुम्ही जा आई. बसायचंच तर आहे." आणि ती गेलीसुद्धा. ज्याचं जळतं त्याला कळतं, तिने कशाला जाऊन बसावं?

दूध केंद्राच्या खोलीत सतरंजी टाकली होती. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मध्ये दुधाचे रिकामे कॅन. आंबट दुधाचा वास सगळीकडे होता, पण त्या गावात त्याला कुणी वास म्हणत नसे. घरटी जनावर, घरटी केंद्रावरचा नंबर. दोन्ही वेळचं सगळ्या घरांचं दूध एका टाकीत जायचं आणि टाकीतून टँकरमध्ये. घरचं जनावर आटलं की गावातली माणसं पोरांसाठी दूध त्याच टाकीतून घ्यायची. त्यामुळे गावात कुणाचं लग्न मोडलं तर लोक एक दिवस बोलायचे, पण कुणाच्या दुधात पाणी निघालं तर महिनाभर बोलायचे.

नर्सबाई वयाने लहान होत्या, आवाजाने मोठ्या. त्यांनी चित्रांचा तक्ता टेबलावर उभा केला आणि एकेक पान उलटायला लागल्या. कशाने होतो, कशाने होत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही. हात धरल्याने होत नाही. डास चावल्याने होत नाही.

"डास चावल्याने कसा नाही?" एकाने विचारलं. "डास रक्तच पितो ना?"

"पितो, पण परत टोचत नाही."

"तुम्ही आमचे डास बघितले नाहीत बाई."

लोक हसले. मग निरोध कसा वापरायचा ते दाखवायची वेळ आली. नर्सबाईंची लाकडी वस्तू मागच्या गावात राहिली होती. त्यांनी सेक्रेटरीकडे काठी मागितली. त्याच्या हाताला दूध ढवळायची दांडी लागली, त्याने तीच दिली. बायकांनी पदर तोंडात कोंबले. पुरुष छताकडे बघू लागले. नंतर सेक्रेटरीने ती दांडी तीन वेळा गरम पाण्याने धुतली आणि तरीही ती वापरायचं धाडस त्याला आठवडाभर झालं नाही. एवढं प्रशिक्षण झालं तरी पालथ्या घड्यावर पाणी, हे नर्सबाईंना तेव्हाच कळायला हवं होतं.

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिला हसू आलं नव्हतं. पान उलटलं आणि पुढच्या चित्रात एक बाई मांडीवर बाळ घेऊन पाजत बसलेली निघाली.

"आईला आजार असेल आणि उपचार घेतले नसतील, तर आईच्या दुधातूनही तो बाळाला जाऊ शकतो," नर्सबाई म्हणाल्या.

म्हातारी पुढे सरकली. ती कधी बोलणारी नव्हती, पण तोंडातून शब्द निघून गेले. "आणि अडीच वर्षं प्यायली असेल तर?"

नर्सबाई थांबल्या. "कोण आजी?"

"नाही… कोणी नाही. विचारून ठेवलं."

चिमी अडीच वर्षांची होईपर्यंत आईला पीत होती हे सगळ्या गावाला पाठ होतं. खेळता खेळता धावत यायची, आईचा पदर ओढायची आणि उभ्याने प्यायची. बायकांनी त्यावरून सुनेची किती थट्टा केली होती. आता त्याच बायका एकमेकींकडे बघू लागल्या. म्हातारीने मान खाली घातली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नर्सबाई पुढे बरंच बोलल्या. तपासणी करा, औषध घेतलं तर माणूस नीट जगतो, पोराला वाचवता येतं, घाबरू नका. पण त्या दिवशी लोक उठले ते एकच गोष्ट घेऊन. दुधातून जाऊ शकतो. दुसऱ्या एखाद्या गावात ती आईच्या चित्राबरोबर राहिली असती. या गावात दूध म्हटलं की एकच दूध, टाकीतलं.

घरी आल्यावर म्हातारीने चिमीला जवळ ओढलं, तिचे डोळे बघितले, जीभ काढायला लावली. सून भारा उतरवत होती. ती बघत राहिली.

"काय बघताय?"

"काही नाही. ताप वाटला."

"चिमीला काही नाही, आई. तपासणी केली मी. दोन वेळा केली. साफ आहे."

म्हातारीचा हात पोरीच्या केसांत थांबला. "कधी केलीस?"

"हे गेले त्याच महिन्यात."

"मग मला का नाही सांगितलंस?"

सुनेने डोक्यावरची चुंबळ काढून खुंटीला अडकवली. "तुम्ही कावीळ म्हणत होता. काविळीसाठी पोरीची तपासणी केली म्हणून काय सांगू?"

म्हातारीने चिमीचे केस नीट केले. आठला दोन मिनिटं असताना ती नेहमीसारखी उठून गोठ्यात गेली. त्या दिवशी ती भुरीजवळ बराच वेळ उभी राहिली. भुरीने पाण्याला तोंडही लावलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर सेक्रेटरीने सुनेचं दूध मोजलं आणि टाकीत न ओतता बाजूच्या लहान कॅनमध्ये ओतलं. हा माणूस वाईट नव्हता. लहानपणी याच घरात जेवून मोठा झालेला, म्हातारीला काकू म्हणायचा. पण भित्रा होता, आणि भित्र्या माणसाला चांगलं राहणं फार जड जातं.

"हे इथे का?" सुनेने विचारलं.

"टाकी भरत आली आहे वहिनी. नंतर ओततो."

टाकी अर्धी रिकामी होती, हे मागे रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसत होतं. सून घरी आली, विळा घेतला आणि गेली. दुपारी म्हातारी केंद्राच्या मागून येत होती, तेव्हा तिला गटार पांढरं दिसलं. एक मांजर काठावर बसून चाटत होतं. मांजराने प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं, त्यामुळे ते निवांत होतं. म्हातारी पदराने कपाळ पुसत उभी राहिली. पहाटे चारला उठून काढलेलं दूध. कालव्याच्या काठाने फाटलेली पाठ. मग ती घरी आली, आणि गटाराचं काहीच सांगितलं नाही.

संध्याकाळी दूध केंद्राचे चेअरमन स्वतः दारात आले. आत आले नाहीत.

"आजी, लोक कुरकुर करतात. हाताला चिरा असतात, कासेला खरचटलेलं असतं, कुणी सांगावं? उद्या वर डेअरीला कळलं तर टँकर गावात यायचा नाही. सगळ्या गावाचा धंदा झोपेल. मग मी एक मार्ग काढला. दूध तुम्ही काढा. तुम्हीच आणून घाला. सुनेचा हात लागायला नको."

"भुरी दुसऱ्याला सोडत नाही, माहिती आहे तुम्हाला."

"सवय लावा. जनावर आहे, माणूस थोडंच आहे?" ते म्हणाले आणि गेले.

सवय लावायला म्हातारी दुसऱ्या दिवशी बसली. गुडघे जमिनीला टेकायला वेळ लागला. बोटांची पेरं सुजलेली, सकाळी मूठ वळत नसे. तिने पाण्याचा हात फिरवला, सुनेसारखं थोपटलं, "सोड गं बाई" म्हटलं. भुरीने मान वळवून एकदा पाहिलं आणि अंग आवळलं. म्हातारीने अर्धा तास ओढलं. अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ गेली. बादलीत जेमतेम एक भांडं दूध आलं आणि त्यावर तिच्या कपाळाचा घाम टपकला. शेवटी भुरीने पाय झटकला तो तिच्या नडगीवर बसला.

संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी भुरीची कास तटतटून लाल झाली. सुनेने हात लावला तर गरम आणि एका बाजूला घट्ट.

"दगडी होईल हिला," सून म्हणाली. "आणखी एक वेळ तुंबलं तर सड जाईल. मग विकायलाही चालणार नाही."

"बस मग तू. बस लवकर."

"ती बघते आहे."

समोरच्या कोपऱ्यावरच्या घरातली बाई आपल्या पायरीवर लसूण सोलत बसली होती. गावाने नेमलं नव्हतं, तिने स्वतःच स्वतःला नेमलं होतं. सकाळ-संध्याकाळ दुधाच्या वेळी तिचा लसूण निघायचाच. एवढा लसूण ती खात कुठे होती हे मात्र कुणाला कळलं नाही.

मग त्या दोघींनी जे केलं ते दुसऱ्या कुठल्या गावात कुणी केलं नसतं. भुरीला भिंतीलगत आणून बांधलं. भिंत आणि भुरी यांच्यामध्ये हातभर जागा ठेवली. त्या हातभर जागेत सून आडवी शिरून बसली, गुडघे छातीशी, पाठ भिंतीला, पायरीवरून दिसणार नाही अशी. इकडच्या बाजूला म्हातारी बसली, बादली धरून, सगळ्यांना दिसेल अशी. ती मोठ्याने भुरीशी बोलायची, खांदे हलवायची, हात खालीवर करायची. पलीकडून सून चुकीच्या बाजूने दूध काढायची. पहिल्या दिवशी भुरी बिचकली. मग तिने तो हात ओळखला. धारा बादलीत वाजायला लागल्या, आणि म्हातारीच्या सुजलेल्या हातांवर सुटकेने काटा आला.

"सोड गं बाई, शहाणी माझी ती," म्हातारी पायरीकडे ऐकू जाईल असं ओरडली.

"एवढं ओरडू नका," पलीकडून आवाज आला. "दचकते ती."

असे आठ दिवस गेले. म्हातारी दूध घेऊन केंद्रावर जायची, सेक्रेटरी मोजायचा आणि टाकीत ओतायचा. "काकू, तुम्ही बघा कशा शिकलात या वयात," तो म्हणायचा आणि नजर चुकवायचा. घरी सून भिंतीला घासून सोललेल्या पाठीवर खोबरेल तेल लावून घ्यायची. तिचा हात मध्यावर पोचत नसे. एक दिवस म्हातारीने न विचारता वाटी घेतली आणि लावलं. दोघी काही बोलल्या नाहीत.

भुरीच्या पोटाखाली मात्र बोलणं व्हायचं. लग्न होऊन नऊ वर्षं झाली, पण त्या दोघी एवढ्या जवळ कधी बसल्या नव्हत्या. मध्ये म्हशीचं पोट, खालून एकमेकींचे फक्त हात दिसायचे.

"नळावर काय बोलतात, माहिती आहे तुम्हाला?" एका संध्याकाळी सून म्हणाली.

"लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?"

"म्हणतात, मीच आणला. लग्नाआधी माझं काहीतरी होतं म्हणे. तुमच्या मुलाला मी दिला आणि खाल्लं त्याला."

म्हातारी बादलीकडे बघत राहिली.

"काल तुम्ही तिथेच होता, आई. हंडा भरत होता."

धारा वाजत राहिल्या. भुरीने शेपटी मारली.

"एकदा तरी म्हणा तुम्ही. एवढंच म्हणा, की तिने नाही आणला. मी दुसरं काही मागत नाही. सगळ्या गावाने ओकलं तरी चालेल मला, पण तुम्हाला तरी माहिती आहे ना?"

"तो गेला आता," म्हातारी हळूच म्हणाली. "मेलेल्या माणसाला कशाला काढायचं?"

सुनेने हात थांबवला. मग परत चालू केला. "बादली नीट धरा. सांडतंय."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हातारीने मनात म्हटलं. पण दात कुणाचे होते आणि ओठ कुणाचे फुटत होते, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

नवव्या दिवशी दुपारी चेअरमनने बैठक बोलावली. दोन घरांनी तक्रार केली होती, की या घराचा नंबर चालूच कशाला ठेवायचा. सेक्रेटरीने, भीत भीत का होईना, एक चांगलं काम केलं होतं. त्याने नर्सबाईंना फोन करून बोलावलं होतं. त्या उन्हातून स्कूटरवर आल्या, तोंड लाल, तक्ता काखेत. म्हातारी आणि सून दोघींनाही बोलावणं होतं. सून दाराजवळ उभी राहिली. तिच्याजवळची सतरंजी आपोआप रिकामी झाली.

"म्हशीच्या दुधाचा आणि या आजाराचा काहीही संबंध नाही," नर्सबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आज मोठा नव्हता, थकलेला होता. "मी आईच्या दुधाचं बोलले होते. बाळाला पाजण्याचं. जनावराला हा आजार होतच नाही."

"काढणाऱ्याच्या हाताला चीर असली तर?"

"तरी नाही. कच्चं प्यायलात तरी नाही."

"बाई, तुमची उद्या बदली होईल," मागून कुणीतरी म्हणालं. "दूध आम्हाला प्यायचं आहे."

चेअरमनने हात वर केला. त्यांना कुणाशीच वैर नको होतं, निवडणूक जवळ होती. "असं करू. गेले आठ दिवस आजी काढताहेत. दूध चांगलं येतंय, फॅट चांगली, कुणाची तक्रार नाही. तेच चालू ठेवू. सुनेने गोठ्यात यायचं नाही. विषय संपला."

सगळ्यांनी सुटल्यासारख्या माना हलवल्या. म्हातारीनेही हलवली. एवढ्यावर भागलं होतं. भिंतीलगतची हातभर जागा होतीच.

तेवढ्यात कोपऱ्यावरची बाई म्हणाली, "म्हातारीचं काय चुकलं त्यात? तिच्या नशिबी आलं. पोरगा सोन्यासारखा होता बिचारीचा. हिने आणलं आणि त्याला गिळलं, आता म्हातारीच्या जिवावर बसली आहे."

बोलणं म्हातारीच्या बाजूचं होतं. दोन-तीन बायकांनी तिच्याकडे कळवळून पाहिलं. म्हातारीने दाराकडे पाहिलं. सून तिच्याकडे बघत नव्हती. ती खाली, स्वतःच्या पायांकडे बघत होती, जशी काहीच अपेक्षा नसलेली माणसं बघतात. तिच्या झंपरवर पाठीच्या बाजूला भिंतीचा चुना लागलेला होता.

म्हातारी भिंतीला हात टेकून उठली. उठायला वेळ लागला.

"मी एक थेंब काढलेला नाही," ती म्हणाली.

"काय आजी?"

"दूध. आठ दिवस झाले. मी एक थेंब काढलेला नाही." तिने हात पुढे केले. "ही बोटं बघा. यांना चमचा धरता येत नाही नीट. सगळं हिने काढलंय. भिंतीच्या बाजूला बसून. आठ दिवस तुम्ही सगळे तेच पिताय. तुमची पोरं पिताहेत. कुणाचं काय झालं?"

खोलीत गलका उठला. एकाने घशाला हात लावला. कोपऱ्यावरची म्हणाली, "मी रोज बघत होते!" आणि आपण काय बोललो ते कळून गप्प झाली. नर्सबाई काहीतरी बोलायला गेल्या. म्हातारीने त्यांच्याकडे बघितलंच नाही.

"थांबा. माझं संपलं नाही. आजार हिने नाही आणला. माझ्या पोराने आणला. बोअरच्या गाडीवर होता तेव्हा. त्याची तपासणी झाली तेव्हा चिमी अंगावर पीत होती. तो आला, मागच्या दारी मला बसवलं आणि म्हणाला, आई, मला असं असं झालंय, तिला सांगू नकोस, ती सोडून जाईल." तिने नाक पदराला पुसलं. "मी नाही सांगितलं. माझं पोर ते. मी म्हटलं, बरा होईल. तेव्हा सांगितलं असतं तर… बाई, तुम्ही सांगा. तेव्हा सांगितलं असतं तर वाचली असती का ही?"

नर्सबाईंनी काखेतला तक्ता टेबलावर ठेवला. "सांगता येणार नाही आजी," त्या हळू म्हणाल्या. "कदाचित."

"कदाचित," म्हातारी म्हणाली आणि खाली बसली.

दारात सून आता तिच्याकडे बघत होती. एवढ्या वर्षांत तिने म्हातारीकडे असं कधी पाहिलं नव्हतं. हिने नाही आणला, हे म्हातारीने म्हणावं एवढंच तिने मागितलं होतं. म्हातारीला सगळं आधीपासून माहिती होतं, हे तिने मागितलं नव्हतं. ती वळली आणि उन्हात निघून गेली.

निर्णय असा काही झालाच नाही. चेअरमन "बघू, विचार करू" म्हणाले आणि पाण्याचा ग्लास शोधू लागले. लोक बोलत बोलत पांगले, कारण दुधाची वेळ होत आली होती आणि जनावरं कुणासाठी थांबत नाहीत.

म्हातारी घरी पोचली तेव्हा भुरी भिंतीपासून सोडून मोकळ्या जागी बांधलेली होती. सून आपल्या नेहमीच्या बाजूला, पायरीवरून दिसेल अशी बसून दूध काढत होती. समोरची पायरी रिकामी होती. म्हातारी चुलीजवळ जाऊन बसली. सून दूध घेऊन स्वतः केंद्रावर गेली. म्हातारीला राहवेना, ती चिमीचा हात धरून मागोमाग गेली आणि रांगेच्या शेवटी उभी राहिली.

सुनेचा नंबर आला. सेक्रेटरीने दूध मोजलं आणि माप हातात धरून थांबला. एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा लहान कॅनकडे, एकदा लोकांकडे. तिच्या मागचे दोघे बाजूला सरकले. एक बाई आपली बादली घेऊन घरी परत गेली. टँकरचा हॉर्न रस्त्यावर वाजला.

"ओत ना रे," मागचा एक म्हातारा वैतागून म्हणाला. "आठ दिवस प्यायलोय ते प्यायलोय. माझं दूध नासायला लागलंय इथे."

सेक्रेटरीने डोळे मिटून टाकीत ओतलं. रांग पुढे सरकली. त्या गावाने आपला शहाणपणा असाच, उकाड्याला आणि टँकरला भिऊन, थोडाथोडा स्वीकारला असेल.

घरी जेवणं झाली. सून चिमीशी बोलली, भांड्यांशी बोलली, म्हातारीशी बोलली नाही. म्हातारीने एक-दोनदा तोंड उघडलं, पण सांगायचं ते सगळं दुपारी सांगून झालं होतं आणि माफ कर म्हणायला तिला लाज वाटत होती. घड्याळाचा काटा वर सरकत होता. आठला पाच कमी. आठला दोन कमी.

म्हातारी उठली नाही. बादली दाराजवळ होती तशीच राहिली.

सुनेने एकदा बादलीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

म्हातारी गुडघ्यांवर हात देऊन उठली, पण दाराकडे न जाता कोंड्याच्या डब्याकडे गेली. झाकण उघडलं, कोपरापर्यंत हात घातला. बाटली कुठे असते हे तिला शोधावं लागलं नाही. तिने कोंडा फुंकून उडवला, पदराने पुसली आणि घड्याळाखालच्या फळीवर, तेलाच्या बाटलीशेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी ठेवली.

"आठ वाजले," ती म्हणाली.

सून जागची हलली नाही. चिमी एकदा आईकडे आणि एकदा आजीकडे बघत होती.

"भुरीला पाणी दाखवायचं नाही का आज?" सुनेने विचारलं. आवाजात ओलावा नव्हता.

"नाही. तिला तहान नसते या वेळी."

सून उठली. फळीवरून बाटली काढली, गोळी तळहातावर घेतली. म्हातारीने पाण्याचा ग्लास भरून पुढे धरला होता. सुजलेल्या बोटांत ग्लास कलला, थोडं पाणी जमिनीवर सांडलं. सुनेने ग्लासाकडे पाहिलं, पण घेतला नाही. माठातून आपल्या हाताने पाणी घेतलं आणि गोळी गिळली.

मग पाठ वळवून बाटली परत फळीवर ठेवताना ती म्हणाली, "पाणी मी घेईन. तुम्ही रोज वेळ सांगत जा."